माहीत नसताना घ्यायचे निर्णय

अंटार्क्टिक कराराच्या वार्षिक बैठकीत मुख्यतः दोन तऱ्हेचे कागद फिरतात. एकाला ‘वर्किंग पेपर’ म्हणतात, दुसऱ्याला ‘इन्फर्मेशन पेपर’. पहिल्याचे इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश या चारही भाषांत भाषांतर होते, तो विषयपत्रिकेवर येतो आणि त्यावर बोलणे भाग पडते. दुसरा ज्या भाषेत लिहिला त्याच भाषेत बहुधा राहतो. कोणी वाचला तर ठीक, नाहीतर नोंद घेतल्याचे सांगून त्याची बोळवण होते. बर्फावर कित्येक हंगाम काढून जमवलेली आकडेवारी यांपैकी कोणत्या कागदावर चढते, यावर तिचे पुढचे नशीब ठरते. आणि ते ठरवणारा माणूस पुष्कळदा शास्त्रज्ञ नसतो, परराष्ट्र खात्यातला अधिकारी असतो.

विज्ञान आणि धोरण यांची सांगड घालण्याबद्दल सभासंमेलनांत भरपूर बोलले जाते. ते बोलणे या कागदांच्या पातळीपर्यंत क्वचित उतरते. हे पुस्तक तिथे उतरते, म्हणून प्रस्तावना लिहायला मी चटकन हो म्हणालो. ध्रुवांवर काम केलेले संशोधक आणि करारांच्या टेबलावर बसलेली माणसे यात शेजारी शेजारी लिहितात आणि काही ठिकाणी एकमेकांशी उघड भांडतातही. ती भांडणे मिटवण्याच्या फंदात संपादक पडले नाहीत, हे बरे झाले.

या विषयाबद्दल एक ठरीव समजूत आहे. शास्त्रज्ञांना सत्य ठाऊक असते, सरकारांना ते कळत नाही, नीट समजावून सांगितले की काम होते, अशी ती समजूत. ध्रुवीय प्रदेशांचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास पाहिला तर ती फारशी टिकत नाही. माहिती पोचवणे हे काम कठीण असले तरी होते. घोडे पेंड खाते ते पुढे: माहिती अर्धवट असताना काय करायचे, आणि त्या अर्धवटपणाची किंमत कोणी मोजायची? निसर्गाने, की त्याचा वापर करू पाहणाऱ्याने? ध्रुवांविषयीचे जे करार चालले आणि जे रखडले, त्यांच्यातला फरक मला या एका प्रश्नापाशी दिसतो.

सुरुवात १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षापासून करायला हवी. शीतयुद्ध ऐन भरात होते. अंटार्क्टिकावर सात देशांनी मालकी सांगितली होती, त्यांपैकी ब्रिटन, अर्जेंटिना आणि चिली यांचे दावे एकमेकांवर चढलेले. तरीही १२ देशांच्या शास्त्रज्ञांनी त्या खंडावर एकत्र मोजमापे केली आणि ती एकमेकांना दिली. त्याच १२ देशांनी १ डिसेंबर १९५९ रोजी वॉशिंग्टनमध्ये करारावर सह्या केल्या. मालकीचे दावे गोठवले गेले, लष्करी हालचालींना आणि अणुस्फोटांना बंदी आली, आणि मतदानाचा हक्क मिळवण्यासाठी अट घातली गेली ती संशोधनाची. ज्याने तिथे केंद्र उभारले किंवा मोहीम पाठवली, म्हणजे भरीव काम केले, त्यालाच निर्णयात वाटा. राजकारण्यांच्या टेबलावर बसण्याचे तिकीट प्रयोगशाळेत मिळते, अशी व्यवस्था जगात दुसरीकडे शोधून सापडायची नाही.

अर्थात यात ताकाला जाऊन भांडे लपवणेही आलेच. एखाद्या देशाचे संशोधन केंद्र नेमक्या त्याच जागी का उभे राहते, याचे उत्तर दरवेळी विज्ञानात मिळत नाही. केंद्र म्हणजे तिथला झेंडाच. पण झेंडा रोवायचा तर थर्मामीटर घेऊन जावे लागते आणि निरीक्षणे जाहीर करावी लागतात, ही अट ज्याने कोणी मसुद्यात घातली त्याला मनुष्यस्वभाव चांगला कळत होता.

अशा एका केंद्रावरची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. वेडेल समुद्राच्या काठी, तरंगत्या बर्फावर, ब्रिटिशांचे हॅली केंद्र आहे. भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने तिथे डॉब्सन स्पेक्ट्रोफोटोमीटर नावाचे यंत्र बसवले गेले. सूर्यप्रकाशातल्या दोन अतिनील तरंगलांबींची तीव्रता ते ताडून पाहते. एक ओझोनमध्ये जास्त शोषली जाते, दुसरी कमी, आणि त्या फरकावरून डोक्यावरच्या हवेत एकूण ओझोन किती ते काढता येते. डोक्यावरचा सगळा ओझोन जमिनीवरच्या दाबाला आणून पसरला तर जेमतेम ३ मिलिमीटरचा थर होतो, म्हणजे ३०० डॉब्सन युनिट. हॅलीवरची माणसे बदलत राहिली, यंत्राशेजारची वही भरत राहिली. वर्षानुवर्षे त्या वहीत नवे असे काहीच नव्हते. असल्या कामासाठी पैसे मागायला जाणाऱ्याची कोणत्याही देशात काय अवस्था होते, ते सांगायला नको.

मग ऑक्टोबरचे आकडे घसरू लागले. १९८४ पर्यंत ते २०० च्या आसपास आले. नासाचा निंबस-७ उपग्रह हाच प्रदेश वरून पाहत होता. पण इतके कमी आकडे चुकीचेच असणार असे धरून त्यांवर शंकेची खूण आपोआप पडत होती. जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांचा निबंध ‘नेचर’मध्ये मे १९८५ मध्ये छापून आला आणि जगाला ओझोनचे छिद्र ठाऊक झाले.

इथपर्यंतची हकिकत अनेकांनी वाचलेली असते. पुढची मात्र सहसा चुकीच्या क्रमाने सांगितली जाते: छिद्र सापडले, कारण कळले, करार झाला. प्रत्यक्षात ओझोनच्या रक्षणाचा व्हिएन्ना करार मार्च १९८५ मध्ये, म्हणजे तो निबंध छापून येण्याआधीच झाला होता. फ्रिजमध्ये तेव्हा वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंमुळे ओझोन नष्ट होईल हा मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांचा १९७४ चा इशारा तेव्हा बराचसा कागदावरच होता. सप्टेंबर १९८७ मध्ये माँट्रियलला वाटाघाटी चालू असताना दक्षिण ध्रुवावरच्या छिद्राचे कारण पक्के ठरलेले नव्हते. कोणी ते वाऱ्यांवर ढकलत होते, कोणी सूर्यावरच्या घडामोडींवर. सुसान सॉलोमन यांच्या नेतृत्वाखाली १९८६ मध्ये अंटार्क्टिकावरच्या मॅकमर्डो केंद्रावर गेलेल्या तुकडीने बोट क्लोरीनकडे दाखवले होते. पण निर्णायक पुरावा मिळाला तो चिलीतल्या पुंता अरेनासहून उडालेल्या विमानांच्या मोजणीतून, आणि त्याचे निष्कर्ष जाहीर झाले ते माँट्रियलला सह्या झाल्यानंतर. छिद्राचा मुद्दा वाटाघाटीतून मुद्दाम बाजूला ठेवला गेला होता, कारण ज्याचे कारण माहीत नाही त्याच्यावर करार उभा करणे धोक्याचे होते.

मग सह्या झाल्या कशाच्या बळावर? माझ्या मते माँट्रियल मसुद्याची सगळी कमाई त्याच्या सहाव्या कलमात आहे. १९९० पासून दर चार वर्षांनी निदान एकदा शास्त्रज्ञांनी, परिणामांच्या अभ्यासकांनी आणि तंत्रज्ञांनी परिस्थिती तपासायची आणि त्यानुसार निर्बंध बदलायचे, असे ते कलम सांगते. पहिल्या मसुद्यात क्लोरोफ्लुरोकार्बनमध्ये फक्त निम्मी कपात होती. विज्ञानाच्या दृष्टीने ती अपुरी होती, राजकारणाच्या दृष्टीने तेव्हा तेवढीच शक्य होती. १९९० मध्ये लंडनला ती पूर्ण बंदीपर्यंत गेली. भारत आणि चीन यांनी तिथे स्पष्ट सांगितले, की नवे तंत्रज्ञान घेण्यासाठी पैसा मिळणार नसेल तर आम्ही येणार नाही. त्यातून निधी उभा राहिला आणि १९९२ मध्ये भारत करारात आला. आपल्या घरातले फ्रिज कोणत्या वायूवर चालतात, हे हॅलीच्या वहीने आणि लंडनमधल्या त्या घासाघिशीने मिळून ठरवले आहे. २०२२ च्या मूल्यमापनानुसार अंटार्क्टिकावरचा ओझोन १९८० च्या पातळीला यायला २०६६ च्या सुमाराचे साल उजाडेल. रोग्याला औषध मिळाले, पण पथ्य दोन पिढ्यांचे.

खनिजांच्या बाबतीत राजकारण विज्ञानाच्या पुढे धावले. अंटार्क्टिकावर खाणकाम कोणत्या अटींवर करावे याचा करार १९८८ मध्ये तयार झाला होता. १९८९ मध्ये ‘बाहिया पारैसो’ हे अर्जेंटिनाचे जहाज द्वीपकल्पाजवळ खडकावर आदळून तेल सांडले. दोन महिन्यांत अलास्कात ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ जहाजाची मोठी तेलगळती झाली, ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्स यांनी पाऊल मागे घेतले आणि १९९१ मध्ये माद्रिदला खाणकामावर सरळ बंदीच आली. त्याच मसुद्यात स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांनाही एप्रिल १९९४ पर्यंत खंड सोडण्याचा हुकूम मिळाला, कारण त्यांच्यापासून सीलना रोग होण्याची भीती होती. पुरावा भक्कम नव्हता, पण नुकसान झाल्यावर भरून येणारे नव्हते. कुत्रे गेले.

आता उलट बाजू. होबार्ट या ऑस्ट्रेलियाच्या शहरात दर ऑक्टोबरात दक्षिण महासागरातल्या सजीव संपत्तीविषयीचा आयोग भरतो. या आयोगामागचा १९८० चा करार वाचला तर त्या काळाच्या मानाने डोळे विस्फारावेत इतका पुढचा आहे. क्रिल नावाचा बोटाएवढा झिंगा किती पकडायचा हे ठरवताना त्याच्यावर जगणारे पेंग्विन, सील आणि व्हेल यांचाही हिशोब धरावा, असे त्यात आहे. आयोगाला स्वतःची वैज्ञानिक समिती आहे. म्हणजे शास्त्रज्ञ आणि धोरणकर्ते यांना एकत्र आणण्याचे जे काही करायचे, ते सगळे कागदोपत्री झालेले आहे.

आयोग चालतो एकमताने. एका देशाने मान हलवली नाही की विषय संपला. २०१६ मध्ये रॉस समुद्राचे १५.५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सुमारे पाचपट क्षेत्र संरक्षित झाले. त्यासाठीही वर्षांमागून वर्षे गेली आणि संरक्षणाला ३५ वर्षांची मुदत घालून घ्यावी लागली. पूर्व अंटार्क्टिका, वेडेल समुद्र आणि द्वीपकल्पाच्या प्रस्तावांचे घोंगडे मात्र भिजतच पडले आहे. पहिल्या दोन प्रस्तावांना भारताने २०२१ मध्ये पाठिंबा दिला. अडवणूक मुख्यतः रशिया आणि चीन यांची. त्यांच्या आक्षेपांची भाषा पाहण्यासारखी आहे. आम्हाला संरक्षण नको असे कोणी म्हणत नाही. आधारभूत माहिती अपुरी आहे, धोका सिद्ध झालेला नाही, आणखी संशोधन व्हावे, असे म्हणतात. एम्परर पेंग्विनला विशेष संरक्षित प्रजाती ठरवण्याचा प्रस्ताव २०२२ मध्ये बर्लिनच्या बैठकीत असाच अडला. त्याच वर्षी बेलिंग्सहाउसेन समुद्रात बर्फ वेळेआधी फुटला आणि तिथल्या ५ पैकी ४ वसाहतींत बहुधा एकही पिल्लू वाचले नाही, असे उपग्रहाच्या छायाचित्रांवरून पुढच्या वर्षी दिसून आले.

आणखी संशोधन व्हावे, हे कोणताही प्रामाणिक शास्त्रज्ञ दिवसातून दहादा म्हणतो. नकाराधिकार हाती असलेल्या शिष्टमंडळाने तेच म्हटले की तो वेळकाढूपणा होतो, आणि शास्त्रज्ञाला त्याचा प्रतिवाद करता येत नाही, कारण म्हणणे खरेच असते. या पुस्तकातले काही लेखक यावर उपाय म्हणून शास्त्रज्ञांनी अधिक ठाम बोलावे असे सुचवतात. मला ते पटत नाही. ठामपणाचा आव आणला की पुढच्या बैठकीत तो उघडा पडतो. बदलायला हवा तो पुराव्याचा भार.

तसा तो बदलता येतो, हे उत्तरेत दिसले आहे. उत्तर ध्रुवाभोवतीचा मध्य आर्क्टिक महासागर, २८ लाख चौरस किलोमीटर, पूर्वी बारमाही गोठलेला असे. आता उन्हाळ्यात त्याचा काही भाग उघडा पडतो. तिथे कोणते मासे आहेत, किती आहेत, हे नीट कोणालाच माहीत नाही. २०१२ मध्ये जगभरच्या २,००० हून अधिक शास्त्रज्ञांनी एक पत्र लिहून मागणी केली, की माहीत नाही म्हणूनच जाळी टाकू नका. २०१८ मध्ये ग्रीनलँडच्या इलुलिसात गावी करार झाला, २०२१ मध्ये तो अमलात आला: १६ वर्षे व्यापारी मासेमारी नाही, आधी संयुक्त संशोधन. रशिया आणि चीन दोघेही त्यात आहेत. युक्रेन युद्धानंतर आर्क्टिक कौन्सिलचे काम थांबले तरी या कराराचे सदस्य २०२२ च्या अखेरीस कोरियात भेटले. निंदक म्हणतील, जिथे अजून कोणी मासे पकडतच नव्हते तिथे बंदी सोपी होती. खरे आहे. म्हणूनच निर्णय लवकर घ्यायचा असतो, कोणाचा धंदा उभा राहण्याआधी.

आर्क्टिकमध्ये आणखी एक गोष्ट आहे जी दक्षिणेत नाही: माणसे. १९८० च्या दशकात कॅनडात क्वेबेकच्या उत्तर टोकाला इन्युइट मातांच्या दुधात पीसीबी हे विषारी रसायन दक्षिणेतल्या मातांच्या सुमारे पाचपट आढळले. प्रदूषणापासून सर्वांत दूरचा समाज म्हणून तुलनेसाठी त्यांच्याकडे पाहिले गेले होते. ही रसायने उष्ण प्रदेशात हवेत उडतात, थंडीत खाली बसतात, सील आणि व्हेलच्या चरबीत साठतात आणि तिथून ताटात येतात. डीडीटीही त्यांतलेच. आपल्या रायगड जिल्ह्यात रसायनीला सरकारी कारखान्यात ते तयार होत असे आणि मलेरियाशी लढायला ते हवेही होते. जानेवारी १९९९ मध्ये या रसायनांवरच्या कराराच्या नैरोबीतल्या वाटाघाटीत इन्युइट नेत्या शीला वॉट-क्लुटिए यांनी माता आणि मूल यांची एक कोरीव मूर्ती संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या प्रमुखांना दिली. पुढच्या बैठकांत ती अध्यक्षांच्या टेबलावर असे. आकडेवारी शास्त्रज्ञांनी आधीच मांडलेली होती. २००१ च्या स्टॉकहोम कराराच्या प्रास्ताविकात आर्क्टिकचा आणि तिथल्या मूळ रहिवाशांचा उल्लेख आला. डासांसाठी डीडीटीला सवलतही राहिली. दुधाचा आणि मलेरियाचा, दोन्ही हिशोब एकाच कागदावर मांडायला कोणीतरी तयार होते म्हणून ते जमले.

भारताची वाट थोडी गमतीची आहे. १९५६ मध्ये आपण अंटार्क्टिकाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात मांडू पाहिला आणि मालकी सांगणाऱ्या देशांचा रोष ओढवून घेतला. पुढे पंचवीस वर्षे आपण बाहेरच होतो. डिसेंबर १९८१ मध्ये डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली मोहीम गोव्याहून निघाली, जानेवारीत बर्फावर उतरली. ऑगस्ट १९८३ मध्ये भारताने करार स्वीकारला आणि सप्टेंबरमध्ये मतदानाचा हक्कही मिळाला. भाषणांनी जे जमले नव्हते ते एका जहाजाने केले. तिसऱ्या मोहिमेत नागपूरला जन्मलेल्या, पुण्यात शिकलेल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत होत्या. त्या औंधच्या पंतांच्या घरातल्या, मुत्सद्दी अप्पासाहेब पंत यांच्या कन्या. विज्ञान आणि परराष्ट्र धोरण एका जेवणाच्या टेबलावर बसल्याचे आपल्याकडचे हे बहुधा एकमेव उदाहरण असावे.

आज वास्कोच्या हेडलँड सडा भागातली राष्ट्रीय संस्था ध्रुवीय संशोधन चालवते, पनवेलची भूचुंबकत्व संस्था अंटार्क्टिकावर नोंदी घेते, आर्क्टिकमधल्या स्वालबार्डला २००८ पासून ‘हिमाद्री’ हे केंद्र आहे. २०२२ मध्ये आर्क्टिक धोरण आले आणि अंटार्क्टिकाचा कायदाही झाला, मतदानाचा हक्क मिळाल्यावर ३९ वर्षांनी. मे २०२४ मध्ये कराराची वार्षिक बैठक कोचीत भरली आणि वर्षाला लाखावर पोचलेल्या पर्यटकांना आवरायची चौकट आखण्यास तिथे सुरुवात झाली. हे सगळे चांगलेच आहे. पण दिल्ली आणि वास्को यांच्यात जेवढे येणेजाणे आहे, तेवढे वास्को आणि मुंबई यांच्यात नाही, आणि ते मला जास्त खटकते.

कारण असे. पश्चिम अंटार्क्टिकाचा बर्फ कोसळू शकतो, असा इशारा हिमशास्त्रज्ञ जॉन मर्सर यांनी १९७८ मध्येच दिला होता. तो बर्फ गेला तर समुद्र सरासरी तीनएक मीटरने चढेल, आणि ध्रुवावरच्या बर्फाचे गुरुत्वाकर्षण कमी झाल्यामुळे पाणी दूरच्या किनाऱ्यांकडे, हिंदी महासागराकडेही, सरासरीहून जास्त सरकेल. कधी, हे सांगता येत नाही. आयपीसीसी या हवामानबदलाविषयीच्या आंतरसरकारी मंडळाच्या २०२१ च्या अहवालात उत्सर्जन फार वाढल्यास २१०० पर्यंत ०.६३ ते १.०१ मीटर असा पल्ला आहे. शिवाय बर्फाच्या वागणुकीबद्दल खात्री नसल्याने २ मीटरच्या आसपासची शक्यता पुसता येत नाही, असेही त्यात म्हटले आहे. मुंबईत पावसाचे पाणी समुद्रात सोडणारी १८६ तोंडे आहेत. त्यांपैकी भरतीच्या पातळीच्या वर आहेत ती फक्त ६. बाकीच्यांपैकी काही ठिकाणी भरती आली की फ्लडगेट लावायचे आणि पंप चालवायचे. महापालिकेच्या इंजिनिअरला डिझाइनसाठी एक आकडा हवा असतो, आणि हिमशास्त्रज्ञ त्याला पल्ला देतो. मग पल्ल्याच्या मधला कुठलातरी आकडा उचलून निविदा निघते.

लंडनने टेम्सच्या खाडीसाठी २०१२ मध्ये मंजूर केलेल्या आराखड्यात वेगळा मार्ग धरला. २.७ मीटरपर्यंतच्या चढाचा विचार करून ठेवला, पण सगळे एकदम बांधायचे नाही असे ठरवले. समुद्राची वाढ अमुक टप्प्याला पोचली की तमुक काम हाती घ्यायचे, आणि त्यासाठी लागणारी जागा आतापासून मोकळी राखायची. माँट्रियलचे सहावे कलम इथे सिमेंटात उतरले आहे.

पाचवे आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्ष २०३२-३३ मध्ये पाळायचे ठरले आहे आणि त्याची आखणी सुरू झाली आहे. भारताकडून त्या आखणीत वास्कोचे शास्त्रज्ञ असतील, मंत्रालयाचे सचिव असतील. त्यांच्या बरोबरीने पर्जन्य जलवाहिन्या खात्यातला एखादा इंजिनिअर तिथे बसवावा, असे मला वाटते. हॅलीच्या वहीत काय आहे ते त्याने नंतर वाचले तरी चालेल. हे गेट किती वर्षे पुरेल, पंपाचा पाया आत्ताच रुंद धरून ठेवू का, आणि तुमचा पल्ला वरच्या टोकाकडे सरकतो आहे हे मला किती वर्षे आधी सांगाल, हे त्याचे प्रश्न मात्र आखणी चालू असतानाच विचारले जावेत.